एमजीबीचे नंबर 'मॅचिंग' आहेत म्हणे, पण मला पटत नाहीये

टपउघडी
मंडळी, मागच्या महिन्यात लेस्टरजवळच्या एका गृहस्थांकडून लाल एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली. व्ही५सीवर, म्हणजे ब्रिटनच्या नोंदणीपत्रावर, पहिली नोंदणी मे १९६४, गाडीचा नंबर जीएचएन३ने सुरू होतो. "मॅचिंग नंबर्स आहे (म्हणजे इंजिन मूळचंच), कागद बघा" हे त्यांनी मला किमान पाच वेळा ऐकवलं. खोटं नाही बोलले. ब्लॉकवरच्या पत्रीवर १८जीबी-आरयू-एच आणि पुढे आकडे आहेत, ते व्ही५सीवरच्या इंजिन नंबराशी अक्षर न् अक्षर जुळतात.

तरी काहीतरी खटकतंय. गाडीच्या नंबराची पट्टी जुनी, पण तिचे स्क्रू मात्र चकचकीत नवे. टॅपेट सेट करायला रॉकर कव्हर काढलं तर सिलिंडर हेडवर १२एच२९२३ असं ओतलेलं दिसलं. डायनॅमोवरच्या (वीज बनवणाऱ्या यंत्रावरच्या) लुकास कंपनीच्या शिक्क्यात शेवटी ६४, म्हणजे वर्ष, आहे. आरपीएमचा काटा पहिल्या दिवसापासून मेलेला. गाडी १९६४ची आहे, की दोन-तीन गाड्यांची गोधडी शिवलीय? सुरुवात कुठून करू?

रविवारचा मेकॅनिक
बीएमसीचं (एमजीच्या मूळ कंपनीचं) गोल्ड सील असेल हो. तेव्हा दमलेलं इंजिन देऊन कारखान्यातून नवं केलेलं सर्रास घेत. डीलरने टाकलं असेल, विषय संपला.

अर्धा इंची पाना
रविवारकाका, गोल्ड सीलवर बहुधा ४८जीने सुरू होणारा नंबर असतो. यांच्या पत्रीवर तर सरळ १८जीबी आहे. हे दुसऱ्या कुठल्यातरी एमजीबीतून उचललेलं इंजिन आहे.

टपउघडी, विक्रेता खोटं बोलला नाही, पण तुमची दिशाभूल व्हायची ती झालीच. आधीच्या कोणा मालकाने इंजिन बदललं, स्वान्झीला डीव्हीएलएला (वाहन नोंदणी कार्यालयाला) कळवलं, त्यांनी व्ही५सीवर नवा नंबर चढवला. म्हणजे कागद आणि आजचं इंजिन जुळणारच! ॲबिंग्डनच्या कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा तिच्यात काय होतं, हे व्ही५सी सांगतच नाही. आणि त्यावरची तारीख नोंदणीची आहे, बांधणीची नाही.

आता तुमचेच आकडे वाचू. १८जीबी म्हणजे पाच बेअरिंगच्या क्रँकचं (मुख्य दांडा पाच ठिकाणी पेललेला) इंजिन, ते आलं ऑक्टोबर १९६४ला. मे महिन्यात रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत ऑक्टोबरचं इंजिन कसं असेल? तिच्यात १८जी किंवा १८जीए असणार, म्हणजे तीन बेअरिंगवालं. पुढचं 'आरयू' म्हणजे ओव्हरड्राइव्हच्या (गिअरबॉक्सला जोडलेल्या जादा उंच गिअरच्या) गाडीसाठीचं इंजिन. तुमच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह आहे का? 'एच' म्हणजे हाय कॉम्प्रेशन, त्यात विशेष काही नाही. १२एच२९२३ हा तर सीरियल नंबरच नव्हे, साच्याचा नंबर आहे, आणि ते हेड सत्तरच्या दशकातलं. म्हणजे आलेल्या पाहुण्यानेही परक्याची टोपी घातलीय.

खरी गंमत तुमच्या मेलेल्या काट्यात आहे. तीन बेअरिंगच्या गाड्यांत टॅकोमीटर, म्हणजे आरपीएमचा मीटर, मेकॅनिकल, इंजिनाकडून केबलने फिरणारा. १८जीबीबरोबर तो इलेक्ट्रॉनिक झाला. डॅशखाली पाठीवर झोपा, टॉर्च धरा आणि मीटरची पाठ बघा. तिथे केबल बसवायची आटे असलेली नळी निघाली, तर मीटर बिचारा ठणठणीत आहे, त्याला फिरवणारं कोणी उरलेलं नाही एवढंच. आणि मग डॅश तरी ऑक्टोबर १९६४च्या आधीचा.

नंबर वाचताना माझा एकच हिशेब असतो: जी वस्तू बदलायला सोपी, तिची साक्ष कच्ची. इंजिन दोन माणसं एका शनिवारात बदलतात. पत्री तर रिव्हेट काढून दुसऱ्या ब्लॉकवरही ठोकता येते. मी स्वतः एकदा असा फसलोय, रिव्हेटची डोकी बघितली असती तर तिथेच कळलं असतं. एसयू कार्ब्युरेटरचा प्रकार सांगणाऱ्या एयूडी नंबरांच्या चकत्या फ्लोट चेंबरच्या स्क्रूखाली असतात, त्या तर हरवण्यासाठीच जन्माला येतात. उलट वायपर मोटर कोणी हौसेने बदलत नाही, तिच्यावरचा शिक्का बघा. दाराची हँडलं ओढायची आहेत की बटण दाबायची? ओढायची असतील तर दारं १९६५च्या मध्याआधीची. मागचा ॲक्सल बँजो, म्हणजे मधे गोल फुगीर घर असलेला, आहे का? रोडस्टरला ट्यूबवाला १९६७मध्ये आला.

पट्टीच्या नव्या स्क्रूंनी लगेच घाबरू नका, रंगकाम करताना पट्टी काढतातच. पण तिच्यावर एकटीवर विश्वासही ठेवू नका. बॉडीचा स्वतंत्र नंबर असतो, छोट्या पत्रीवर, बहुतेकदा रंगाच्या थरांखाली. तो गाडीच्या नंबराशी जुळायची अपेक्षाच नाही, कारण बॉड्या स्विंडनला प्रेस्ड स्टील कंपनीत बनत आणि त्यांची मोजणी वेगळी. तो शोधा आणि मग गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. कारखान्याच्या नोंदवहीतला इंजिन नंबर, बॉडी नंबर, बांधणीची तारीख, रंग, सगळं त्यात येतं. बॉडी नंबर जुळला तर पट्टी आणि पिंजरा एकाच गाडीचे.

रविवारचा मेकॅनिक
गोल्ड सील मागे घेतो. 🙏 जीएचएन३च्या मागे 'एल' आहे का तेही बघा. असेल तर गाडी डाव्या स्टिअरिंगची जन्मली आणि नंतर उजवी केली. अमेरिकेतून परतलेल्या पुष्कळ आहेत.

टपउघडी
'एल' नाही. ओव्हरड्राइव्हही नाही, स्विचसुद्धा नाही. दारं ओढायची, ॲक्सल बँजो. वायपर मोटरवर शेवटी ६४. आणि पाना दादा, नळी आहे! आटे कोरे, आत कोळ्याचं जाळं.

बॉडीची पत्री सापडायला दोन संध्याकाळी गेल्या. लाल रंग हळूहळू खरवडला तर खाली पांढरा, त्याखाली निळसर. नंबर उतरवून घेतला, सर्टिफिकेट मागवलंय.

टपउघडी
सर्टिफिकेट आलं. बांधणी एप्रिल १९६४, इंजिन १८जीए, ओव्हरड्राइव्ह नाही, रंग आयरिस ब्लू. बॉडी नंबरचा शेवटचा आकडा वाचताना हात थरथरत होता. जुळला. 'मॅचिंग' म्हणून विकलेलं इंजिन तेवढं परकं, आणि ज्या पट्टीवर मी संशय घेतला ती अस्सल! आता आरपीएमच्या काट्याचं काय करू?

अर्धा इंची पाना
अभिनंदन. १८जीए शोधत बसू नका, पाच बेअरिंगवालं जास्त दणकट, मी तर तेच ठेवेन. स्मिथ्सचं इलेक्ट्रॉनिक मीटर बसवा, पण आधी बॅटरीच्या तारा बघा. तेव्हाच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या. तुमची अजून तशीच असेल तर मीटरही तसंच हवं. आणि जुनं मेकॅनिकल फेकू नका. कापडात गुंडाळून सर्टिफिकेटजवळ ठेवा.