नव्वद किलोमीटर धावून निर्वासितांच्या बातमीपत्रासाठी पैसे उभे करणं: पटतं का?

घाटधावक
येत्या जूनमध्ये कॉम्रेड्स धावणार आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांमधली साधारण ९० किलोमीटरची ही शर्यत, १९२१ पासूनची. बारा तासांची मुदत; ती संपली की शेवटची रेषा बंद, मग तुम्ही दहा पावलांवर का असेना. त्यासाठी रोज पहाटे यवतेश्वरचा घाट चढतोय.

या धावण्यावर पैसे गोळा करायचं मनात आहे, तेही निर्वासितांनी स्वतः चालवलेल्या पत्रकारितेसाठी. केनियाच्या वायव्येला तुर्काना भागात काकुमा नावाची छावणी आहे. १९९२ मध्ये सुदानच्या युद्धातून चालत आलेल्या मुलांसाठी ती उभी राहिली. तिथल्या निर्वासितांनी डिसेंबर २००८ मध्ये 'काकुमा न्यूज रिफ्लेक्टर', म्हणजे 'कानेरे', सुरू केलं. छावणी चालवणाऱ्या संस्थांच्या हाताखाली नसलेलं वार्तापत्र, आणि लिहिणारे तिथेच रेशनच्या रांगेत उभे राहणारे. अशा कामाला पैसा कुठून येणार? छावणीतल्या दुकानदाराकडून जाहिराती मिळून किती मिळणार?

योजना साधी: देणाऱ्याने किलोमीटरमागे दहा रुपये द्यायचे. पूर्ण धावलो तर नऊशे, अर्ध्यात थांबलो तर झालेल्या किलोमीटरांपुरतेच. मोकळेपणाने सांगा.

साधा_प्रश्न
मोकळेपणाने सांगतो, मला पटलं नाही. विमानाचं तिकीट, व्हिसा, राहणं, शर्यतीची फी. हे सगळे पैसे थेट पाठवले तर आमच्या नऊशे-नऊशेपेक्षा जास्त भरतील. तुमच्या घामाचा आणि त्यांच्या बातमीचा संबंध काय?

दुसरं जास्त टोचतं. २०२५ मध्ये अमेरिकेची मदत आटली आणि काकुमातलं रेशन कापलं गेलं. मार्चमध्ये लोक रस्त्यावर उतरले होते. पोटाला कमी पडत असताना आपण वार्तापत्राला पैसे द्यायचे? आधी धान्य, मग छपाई.

बातमीदार९२
'आधी धान्य, मग छपाई' हे वाक्य मी तीस वर्षं ऐकत आलोय, म्हणून जरा लांब लिहितो.

१८९६ चा दुष्काळ आठवा. सरकारचा फॅमिन कोड कागदावर होता. पीक बुडालं तर सारा तहकूब होऊ शकतो, सरकारने कामं काढायची, हे सगळं त्यात लिहिलेलं. शेतकऱ्याला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. टिळकांनी 'केसरी'तून तो कोड लोकांना समजेल अशा मराठीत मांडला आणि सार्वजनिक सभेची माणसं गावोगाव तेच सांगत फिरली. सरकारला झोंबलं ते यामुळेच. 'केसरी'ने एक पोतं धान्य वाटलं नव्हतं, हक्क किती आहे ते सांगितलं होतं.

छावणीत याहून वेगळं काय आहे? माणशी किती मिळायला हवं, हातात किती पडलं, मधलं कुठे गेलं, हे लिहिणारा रांगेतलाच हवा. मदत देणाऱ्या संस्थेच्या अहवालात तिचं स्वतःचं चुकलेलं माप क्वचितच येतं. रेशन कापलं जातं तेव्हा वार्ताहर जास्त लागतो, कमी नाही.

मी मराठवाड्यात एका दैनिकाचा स्ट्रिंगर, म्हणजे नोकरीवर नसलेला बातमीदार, होतो. मानधन नावापुरतं, कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. तालुक्यातल्या सर्वात मोठ्या जाहिरातदाराविरुद्धची बातमी माझ्या वहीत दोन वर्षं पडून राहिली. ती मी कधीच पाठवली नाही. आज त्याची लाज वाटते. पैसा कुणाचा, यावर बातमी ठरते, हे मी वाचून सांगत नाहीये.

साधा_प्रश्न
बातमीदार, तुमचं म्हणणं भिडलं. पण 'केसरी'ला वाचकांची वर्गणी होती. इथे वाचक काकुमात आणि पैसे देणारा साताऱ्यात. हे परावलंबनच झालं. उद्या आपला उत्साह संपला की त्यांनी काय करायचं?

पहाटेची_टोळी
मी स्वतः धावतो, दोनदा कॉम्रेड्स केलीय, आणि तरीही माझा विरोध आहे. किलोमीटरमागे पैसे ही कल्पनाच चुकीची वाटते. शर्यतीतल्या इंचांगाच्या चढावर तुमचा गुडघा गेला तर काकुमातल्या वार्ताहराचे पैसे का कापायचे? त्याने त्या महिन्याचं काम केलेलं असणार. कर्करोगाच्या निधीसाठी कुणी धावतं तेव्हा एवढं खटकत नाही, कारण तो पैसा मोठ्या गंगाजळीत जातो. इथे चार-पाच माणसांच्या महिन्याचा हिशेब आहे. आपल्या दमाशी तो बांधू नका.

नैरोबीकर
नैरोबीत चौदा वर्षं आहे, काकुमाला कामानिमित्त तीनदा गेलोय. दोन गोष्टी सांगतो.

छावणीतल्या निर्वासिताला बाहेर जायचं तर पास लागतो. संस्थांमध्ये त्याला काम मिळतं, पण पगार म्हणून नाही, 'इन्सेन्टिव्ह' म्हणून. त्याच कामाला केनियन कर्मचाऱ्याला मिळतं त्याच्या कितीतरी कमी. म्हणजे लिहिणारा माणूस दिवसभर कुणाच्या तरी हाताखाली राबतो आणि संध्याकाळी लिहायला बसतो. तेही अनेकदा त्याच संस्थांबद्दल, ज्यांच्याकडे त्याचं दिवसाचं काम आहे. या माणसाला कॅमेरा भेट देऊन काय होणार? त्याला दर महिन्याला ठरलेली रक्कम हवी, म्हणजे दिवसाच्या कामाची भीती थोडी कमी होईल. डेटा, फोनची दुरुस्ती, सोलरवर चार्जिंग हे त्यानंतर.

दुसरी गोष्ट धावण्याबद्दल. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये निर्वासितांचा पहिला संघ उतरला. दहा खेळाडू, त्यातले पाच दक्षिण सुदानचे धावपटू, काकुमात वाढलेले, तेगला लोरुपेच्या शिबिरात तयार झालेले. हीच तेगला १९९४ मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकणारी पहिली आफ्रिकन महिला. जगाने काकुमा ओळखलं ते या पायांमुळे. त्याच छावणीत त्याआधी आठ वर्षं बातम्या लिहिल्या जात होत्या, त्यांची कुणी विचारपूस केली नाही. म्हणून घाटधावक, धावायला माझी ना नाही. फक्त तुमचा पदक घातलेला फोटो पुढे आणि त्यांचं लिखाण मागे, असं होऊ देऊ नका. पैसे मागायचं जे पत्रक काढाल त्याची सुरुवात त्यांच्या बातमीने करा.

हिशेबनीस
कायद्याचं थोडक्यात. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरातली ८० जी ची सूट मिळणार नाही, हे देणाऱ्यांना आधीच सांगा. पाठवायचे तर एलआरएस खाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) ज्याने त्याने बँकेतून स्वतःच्या नावावर पाठवावेत. सगळ्यांचे पैसे एकाच्या बचत खात्यात गोळा करू नका, नंतर उत्तरं देताना नाकी नऊ येतील.

माळरान
मला सरळ विचारायचंय, आपल्या देशात निर्वासित कमी आहेत का? केनियापर्यंत कशाला?

बातमीदार९२
माळरान, प्रश्न रास्त आहे. 'मिझिमा' ही ब्रह्मदेशातल्या परागंदा पत्रकारांची वृत्तसंस्था १९९८ मध्ये दिल्लीतच सुरू झाली होती. धरमशालेहून तिबेटी पत्रं निघतात. त्यांना इथल्या इथे मदत करावी हे मी आनंदाने म्हणेन. उलट, बाहेरच्या कुणाला भारतातल्या वृत्तमाध्यमाला देणगी द्यायची असेल तर ते जमत नाही. २०१० च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या, कायद्याच्या तिसऱ्या कलमात ते निषिद्ध आहे. म्हणजे इथल्यांसाठी इथल्यांनीच हात सैल सोडायला हवा.

पण एक सोडून दुसरं असं कशाला? दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश माणसं येऊन राहिली होती. 'आपल्यात गरीब कमी आहेत का' म्हणून करवीरकरांनी त्यांना परत पाठवलं नाही.

घाटधावक
सगळं दोनदा वाचलं. पहाटेची_टोळी यांचं म्हणणं मान्य, किलोमीटरचा हिशेब रद्द. ज्यांना द्यायचं त्यांनी वर्षभर दर महिन्याला ठरावीक द्यावं, मी शर्यत पुरी करो वा न करो. साधा_प्रश्न, माझ्या तिकिटाच्या किमतीएवढी रक्कम मी आधी स्वतः घालतो. परावलंबनाच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण एका मोठ्या दात्यावर टेकण्यापेक्षा दोनशे छोट्या माणसांवर टेकलेलं बरं, त्यातले वीस गळाले तरी पत्र चालू राहील.

धावतो मात्र नक्की. नुसतं 'काकुमातल्या वार्ताहरांना पैसे द्या' लिहिलं असतं तर इथे दोन उत्तरं आली असती.

साधा_प्रश्न
हे शेवटचं खरं आहे, आणि तेच मला आवडत नाही. लोकांनी बातमीसाठी द्यावं, शर्यतीसाठी नाही. माझे महिना तीनशे धरा. पण तुमच्या धावण्याचे फोटो मला पाठवू नका, त्यांचे अंक पाठवा.

नैरोबीकर
आणि एक आधीच ठरवून घ्या. उद्या त्यांनी आपल्याला आवडणाऱ्या एखाद्या संस्थेविरुद्ध लिहिलं, किंवा नैरोबीतल्या आपल्याच भारतीय व्यापाऱ्यांविरुद्ध, तरी पुढच्या महिन्याचे पैसे जातील ना?

घाटधावक
जातील. माझे तरी जातील. बाकीच्यांनी नाव नोंदवतानाच हे लिहून द्यावं.