रूममेट खचला आहे, त्याला सरळ विचारावे का?

प्रश्न
पुण्यात सदाशिव पेठेतील एका खोलीत राहून आम्ही दोघे चार वर्षे राज्यसेवेची तयारी करत आहोत. निकाल लागल्यापासून माझ्या रूममेटने अभ्यासिकेत येणे बंद केले आहे, मेसचा डबा तसाच परत जातो आणि काल त्याने हाताने काढलेल्या सगळ्या नोट्स मला देऊन टाकल्या. ‘घरच्यांवरचा भार एकदाचा उतरेल,’ असेही तो बोलून गेला. मी गांगरून ‘पुढच्या वर्षी होईल रे’ एवढेच म्हणालो. आत्महत्येबद्दल विचारले तर तो विचार उलट त्याच्या डोक्यात शिरेल का?

उत्तर १ (मानसोपचार विभागातील परिचारिका)
नाही, विचारल्याने तो विचार पेरला जात नाही. आजच, दार लावून आणि फोन बाजूला ठेवून, ‘तू जेवत नाहीस, नोट्स देऊन टाकल्यास, म्हणून विचारतो, जीव द्यावासा वाटतो आहे का?’ असे स्पष्ट शब्दांत विचारा. ‘तसले वेडेवाकडे काही मनात नाही ना?’ असे विचारले की समोरचा ‘नाही’ म्हणून मोकळा होतो, कारण आपल्याला हवे असलेले उत्तर त्या प्रश्नातच असते. तो ‘हो’ म्हणाला तर उपदेश करू नका; काही ठरवले आहे का, ते विचारा. ठरवले असेल तर त्याला एकटे सोडू नका, ज्याने इजा होईल ते त्याच्या हाताशी राहू देऊ नका आणि त्याला रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. त्यासाठी ११२ किंवा १०८ लावा. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, तेथे मराठीत बोलता येते आणि सोबत असलेल्यानेही फोन केला तरी चालतो.

उत्तर २
मी याच पेठेत त्या अवस्थेतून गेलो आहे. ‘आईवडिलांचा विचार कर’ हे वाक्य मला सर्वांत जड गेले, कारण त्यांचाच विचार करत मी तिथवर पोहोचलो होतो. माझ्या मित्राने डब्यातली आमटी गरम करून माझ्यापुढे ठेवली आणि ‘खा’ असे न म्हणता तो स्वतः शेजारी जेवायला बसला; अर्ध्या तासाने मी बोलू लागलो. मात्र ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन त्याला देऊ नका.

प्रश्नकर्ता
विचारले. तो बराच वेळ रडला आणि ‘हो’ म्हणाला, पण काही ठरवलेले नाही असे सांगतो. १४४१६ वर दोघेही बोललो, उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचे आहे. त्याचा मोठा भाऊ साताऱ्याहून निघाला आहे. भावाला पोलीस केसची भीती वाटते. आणि नोट्स परत द्याव्यात का?

उत्तर १
उपचारांसाठी जाण्याने केस होत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गृहीत धरतो, तेव्हा भावाला निश्चिंत करा. रात्रभर खोलीत कोणीतरी जागे राहा. नोट्स तुमच्याकडेच असू द्या. त्याने मागितल्या की द्या.