बॉबरवर बदली फ्युएल पंप: कोणता घ्यावा आणि त्याचे वायरिंग कसे करावे?

अर्धा_बॉबर:
नमस्कार. नव्वदच्या दशकातील एका जपानी व्ही-ट्विन क्रूझरचा (750 सीसी, दोन कार्ब्युरेटर) मी वर्षभरापासून फावल्या वेळात बॉबर (जादा भाग काढून सुटसुटीत केलेली गाडी) करत आहे. मूळ टाकी काढून सीटखाली पत्र्याची टाकी बसवली असून तिचा तळ कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाऊलपेक्षा (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलच्या वाटीपेक्षा) सुमारे 15 सेंमी खाली आहे, त्यामुळे पेट्रोल आपोआप उतरून येण्याचा प्रश्नच नाही. गाडीसोबत आलेला विजेवरचा पंप आता दगा देऊ लागला आहे. तो सुरुवातीला टिकटिकतो, मग गप्प होतो, आणि त्याच्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकले की पुन्हा जिवंत होतो. वायरिंग हलके करण्याच्या नादात मी मूळ रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) काढून टाकला होता आणि पंप थेट इग्निशन स्विचवरून चालवत होतो, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकतो.

कोणता पंप घ्यावा, तो कुठे बसवावा आणि वायरिंग कसे करावे, असे माझे तीन प्रश्न आहेत. वायर, रिले, नळ्या असे सगळे धरून खर्च नव्या मूळ पंपाच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होऊ नये, ही अट कृपया लक्षात असू द्यावी.

टॉर्क_रेंच:
अशा कामात हात आखडता घेऊ नये. मी माझ्या गाडीत टाकीच्या आत बसणारा इंजेक्शनचा पंप घातला, त्यासाठी टाकीच्या तळाला फ्लँज वेल्ड करून घेतली, वेगळा प्रेशर रेग्युलेटर लावला आणि जादा पेट्रोल टाकीत परत आणणारी नळीही टाकली. दोन वर्षे झाली, गाडीने एकदाही मान टाकलेली नाही. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असल्यामुळे थंड राहतो आणि त्याचा आवाजही येत नाही. खर्च तुमच्या आकड्याच्या तिप्पट धरा आणि विषय कायमचा संपवा.

चोक_ओढा:
वरील सल्ला इंजेक्शनच्या गाडीसाठी उत्तम आहे, परंतु प्रश्न कार्ब्युरेटरच्या गाडीचा आहे. कार्ब्युरेटरला साधारण 2 ते 4 पीएसआय दाब पुरतो, आणि इंजेक्शनचा पंप 3 बार, म्हणजे सुमारे 43 पीएसआय दाब देतो. हा दाब रेग्युलेटरने उतरवता येतो हे खरे. पण रेग्युलेटर अडकला किंवा परतीची नळी दुमडली, तर फ्लोटची नीडल (बाऊलमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी सुई) त्या दाबापुढे टिकत नाही. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चावी फिरवून मी हेल्मेट आणायला आत गेलो, तेवढ्यात पंपाने एक सिलिंडर पेट्रोलने भरून टाकला. स्टार्टर दाबल्यावर खट्ट असा एकच आवाज आला आणि इंजिन जागच्या जागी अडकले. प्लग काढल्यावर पेट्रोलची चिळकांडी उडाली, आणि ऑइल बदलावे लागले ते निराळेच, कारण डिपस्टिकला ऑइलपेक्षा पेट्रोलचाच वास अधिक येत होता.

प्रवाहाचाही थोडा हिशेब करावा. तुमचे इंजिन पूर्ण जोरात 40 किलोवॅट देते असे धरले आणि दर किलोवॅट-तासाला सुमारे 300 ग्रॅम पेट्रोल लागते असे मानले, तर तासाला 12 किलो, म्हणजे साधारण 16 लिटर, म्हणजेच मिनिटाला 270 मिलीच्या आसपास पेट्रोल पुरते. तासाला 100 लिटर ढकलणारा पंप घेऊन तुम्ही फक्त टाकीतले पेट्रोल ढवळत बसाल. कमी दाबाचा, आत संपर्कबिंदू नसलेला इलेक्ट्रॉनिक चौकोनी पंप नवा घ्यावा. खर्च थोडा वाढेल.

किक_मारा:
पंपाला वीज लागतेच कशाला? इंजिनाच्या इनटेकमधील स्पंदनांवर चालणारा पडद्याचा पंप घ्या. त्याला वायर नको, फ्यूज नको, रिले नको, आणि इंजिन बंद पडले की पंपही आपोआप बंद. मी तीन गाड्यांवर तो बसवला आहे आणि माझ्याकडे मल्टीमीटर नाही याचा मला अभिमान आहे.

चोक_ओढा:
@किक_मारा, त्याचा पडदा फाटला की स्पंदनाच्या नळीतून कच्चे पेट्रोल सरळ इंजिनात ओढले जाते, हेही सांगायला हवे होते. शिवाय बाऊल कोरडे पडले असतील तर ते भरेपर्यंत स्टार्टर फिरवत बसावे लागते, आणि टाकी सीटखाली असताना हे रोजचेच होईल.

किक_मारा:
पडदा बदलायला दहा मिनिटे लागतात. तुमच्या सिलिंडरमधले पेट्रोल काढायला किती वेळ लागला होता?

वायरींचा_गुंता:
आपण दोघे नंतर भांडावे, आधी वायरिंगचे पाहू या, कारण प्रश्नकर्त्याने रिले काढला आहे आणि माझ्या मते निम्मे दुखणे तिथेच आहे.

चार पायांचा साधा 12 व्होल्टचा रिले घ्यावा. बॅटरीच्या धन टोकापासून निघणारी वायर फ्यूजमधून 30 क्रमांकाच्या पायाला आणावी आणि 87 वरून पंपाच्या धन वायरीला जावे. इग्निशन स्विचवरून येणारा पुरवठा 86 ला द्यावा आणि 85 अर्थला जोडावा. असे केल्याने जुन्या स्विचच्या झिजलेल्या संपर्कांवर फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ भार राहतो आणि पंपाचा भार बॅटरीवरून थेट येतो. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवावा, कारण तो पंपाला नव्हे तर वायरीला जळण्यापासून वाचवतो, आणि बॅटरी आणि फ्यूज यांमधील तुकडा कायम संरक्षणाविनाच असतो. कमी दाबाचा पंप एक-दोन अँपिअर घेतो, तेव्हा 5 अँपिअरचा फ्यूज आणि 1 चौरस मिमीची वायर पुरेशी आहे.

पाच पायांचा रिले हाती आला तर 87ए या मधल्या पायापासून दूर राहावे. रिले सुटलेला असताना तो पाय 30 शी जोडलेला असतो. मी घाईत पंप त्याच पायावर जोडला होता, त्यामुळे चावी काढली की पंप सुरू आणि चावी लावली की बंद, असा उलटा कारभार झाला. तो लक्षात येईपर्यंत बॅटरी उतरली होती.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी आडवी पडली आणि इंजिन थांबले, तरी चावी चालू असेपर्यंत तुमचा पंप पेट्रोल ढकलत राहील. कार्ब्युरेटरच्या अनेक गाड्यांचा मूळ रिले इग्निशनचे ठोके मिळत असतील तरच पंप चालवतो. आपला साधा रिले तेवढा शहाणा नाही, म्हणून 85 ची अर्थ वायर टिल्ट स्विचमधून, म्हणजे गाडी कलल्यावर जोडणी तोडणाऱ्या स्विचमधून न्यावी. माझा बजेटशी संबंध नाही, पण यात काटकसर करू नये.

पान्यांचा_डबा:
रिले नक्की लावा. मीही लावला आहे. तसेच रंगांवर विसंबू नका. होंडाच्या गाड्यांत हिरवी वायर अर्थची असते आणि काळी वायर चावी लावल्यावर जिवंत होते, तर यामाहात काळीच अर्थची असते. एका मित्राच्या गाडीत मी काळी ती अर्थची या समजुतीने चासीला टेकवली आणि लागोपाठ दोन फ्यूज उडाले. दुसरा का उडवला, हे मला विचारू नका.

जोड मात्र सगळे सोल्डर करावेत.

वायरींचा_गुंता:
मोटरसायकलवर सोल्डर करू नये. सोल्डर तारांच्या पिळात वर चढते, तिथपर्यंतची वायर काडीसारखी ताठ होते आणि नेमकी त्या ताठरपणाच्या सीमेवर कंपनाने तुटते. चांगल्या क्रिम्पिंगच्या पकडीने क्रिम्प करावे, म्हणजे वायर धातूच्या टर्मिनलमध्ये चेपून बसवावी, आणि वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी.

पान्यांचा_डबा:
वीस वर्षांत माझा एकही सोल्डर केलेला जोड तुटलेला नाही. पकडीने चेपलेले मात्र तीन निसटले आहेत.

वायरींचा_गुंता:
साध्या पक्कडीने चेपण्याला क्रिम्प म्हणत नाहीत.

टॉर्क_रेंच:
क्रिम्प करून वर सोल्डर केले तर दोघांचेही समाधान होईल.

वायरींचा_गुंता:
नाही होणार. ताठरपणा तोच राहतो.

सावकाश_स्वार:
जोडांचा वाद चालू द्या. मी फक्त एवढे सुचवतो की नवा पंप घेण्याआधी जुन्याला किती व्होल्ट मिळतात ते मोजावे. पंप चालू असताना बॅटरीच्या टोकांवर एकदा आणि पंपाच्या प्लगवर एकदा मोजावे. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त निघाला तर दोष वायरिंगमध्येही आहे, आणि तो तसाच ठेवून नवा पंप घातला तर तोही उपाशीच राहील. अर्थची बाजू वेगळी तपासावी, म्हणजे मीटरचे एक टोक पंपाच्या ऋण वायरीला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे. कस्टम गाडीत ब्रॅकेटवर पावडर कोटिंग असते आणि पंप रबरात टांगलेला असतो, त्यामुळे अर्थ तिथेच अडते.

अर्धा_बॉबर:
सर्वांचे आभार. आज मोजले. पंप टिकटिकत असताना बॅटरीवर 12.4 आणि पंपाच्या प्लगवर 10.6 व्होल्ट मिळाले. हरवलेल्या 1.8 पैकी 1.3 व्होल्ट अर्थच्या बाजूला गेले होते, कारण मी अर्थ खरोखरच पावडर कोटिंग केलेल्या ब्रॅकेटला दिली होती आणि ती अगदी देखणी दिसत होती. कोटिंग खरवडल्यावर प्लगवर 11.7 मिळू लागले आणि पंप जरा उत्साहाने चालला, पण अर्ध्या तासाने पुन्हा थांबला. मागचे झाकण उघडले तर आतले संपर्कबिंदू काळे पडून खड्डे पडलेले दिसले. तेव्हा पंप बदलणे आलेच.

टॉर्क_रेंच:
मी पहिल्याच उत्तरात हे सांगितले होते.

चोक_ओढा:
आपण 3 बारचा पंप सांगितला होता.

गॅस्केट_आजी:
नळ्यांबद्दल कुणीच बोलले नाही, म्हणून लिहिते. टाकीच्या बाहेर कमी दाबासाठी पेट्रोलची चांगली रबरी नळी चालते, पण तीच नळी टाकीच्या आत घालू नये. बाहेरून पेट्रोलमध्ये भिजण्यासाठी ती बनलेली नसते आणि काही महिन्यांत फुगून मऊ पडते. आत घालायची तर आर10 दर्जाचीच घ्यावी. क्लॅम्पही खाचा कापलेले घेऊ नयेत, रबर त्या खाचांत घुसून चिरते. कडा आत न वळलेले गुळगुळीत पट्टीचे घ्यावेत.

गाळणी पंपाच्या आधी बसवावी आणि ती फार बारीक नसावी, नाहीतर पंप ओढून ओढून दमतो. पंप टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याखाली ठेवावा, बाहेर जाणारे तोंड वर ठेवावे म्हणजे हवा अडकत नाही, आणि तो एक्झॉस्टपासून शक्य तितका लांब, रबरी बुशांवर बसवावा. टाकीच्या झाकणाचा श्वास, म्हणजे हवा आत जाण्याचे भोक, तपासावा. माझ्या नातवाच्या गाडीचे झाकण रंगकामात बुजले होते आणि त्याने त्यापायी दोन पंप बदलले. थांबलेल्या गाडीचे झाकण उघडताच ‘सुस्स’ असा आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर पंपाला दोष देऊ नये.

आणि कामाला हात लावण्याआधी बॅटरीची ऋण वायर काढून ठेवावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि दिसत नाही. सोल्डर करायचेच असेल, तर ते दुसऱ्या खोलीत.

पान्यांचा_डबा:
आजींनी सोल्डर करू नका असे म्हटलेले नाही, याची नोंद घ्यावी.

चोक_ओढा:
आता निष्कर्ष सरळ आहे. कमी दाबाचा नवा इलेक्ट्रॉनिक पंप, रिले, टिल्ट स्विच. भंगारातील जुना पंप मात्र घेऊ नये, त्याचे बिंदूही तितकेच जळलेले असणार.

वायरींचा_गुंता:
सहमत. वापरलेला पंप नको.

किक_मारा:
जुना विजेचा पंप तर अजिबात नको. पडद्याचा घ्या.

अर्धा_बॉबर:
मंडळी, रागावू नका. मोडीत निघालेल्या एका गाडीतून तसाच मूळ बनावटीचा पंप मिळाला आणि मी तोच बसवला. बजेट नव्या पंपाच्या निम्म्याच्या आत होते. आपण सुचवलेल्या पंपांपैकी एकही त्यात मावत नव्हता, आणि मला खर्च करायचा होता तो वायरिंगवर. या पंपाचे बिंदू कमी जळलेले होते, ते बारीक पॉलिश कागदाने साफ केले. बसवण्याआधी मोकळ्या जागेत, मापाच्या भांड्यात एक मिनिट चालवून पाहिला, तर 550 मिली पेट्रोल आले. वर दिलेला 270 चा हिशेब बरोबर असेल तर हे दुप्पट आहे.

रिले, बॅटरीजवळ 5 अँपिअरचा फ्यूज, 85 च्या वाटेत टिल्ट स्विच, आणि अर्थ थेट बॅटरीच्या ऋण टोकाला, असे वायरिंग केले. आता बॅटरी आणि प्लग यांतील फरक 0.2 व्होल्ट आहे. गाडी हाताने धरून एका बाजूला कलती केली, पंपाचा आवाज थांबला. जोड क्रिम्प केले आहेत, क्षमस्व.

चोक_ओढा:
सहा महिन्यांनी इथेच भेटू.

अर्धा_बॉबर:
पहिला पंपही साफ करून अवजारांच्या पिशवीत ठेवला आहे, त्यामुळे वर्षभरानंतर भेटू.

सावकाश_स्वार:
महिन्याभराने एकदा पुन्हा व्होल्ट मोजावेत. नवी क्रिम्प सुरुवातीला नेहमीच चांगली दिसते.

टॉर्क_रेंच:
माझा टाकीतला पंप अजून चालू आहे, एवढेच सांगतो.

नवा_पाना:
मी हाच धागा वाचून रिले आणला, पण तो पाच पायांचा निघाला. 87ए चा पाय तसाच मोकळा सोडला तर चालेल का?

वायरींचा_गुंता:
सॉकेट असेल तर त्या खाचेत टर्मिनलच बसवू नका. सॉकेट नसेल तर त्या पायावर आकसणारी नळी चढवून टोक बंद करा, कारण चावी बंद असताना तो थेट बॅटरीला जोडलेला असतो आणि कुठेतरी टेकला तर फ्यूज उडेल.