गच्चीच्या गळतीचा खर्च कोणी सोसायचा?

प्रश्न (मानद सचिव, मुलुंड):
आमची २८ सदनिकांची चार मजली सोसायटी आहे. चौथ्या मजल्यावरील एका आजींच्या घरी गच्चीचे पाणी झिरपून देवघरावरचा गिलावा सुटला असून, गेला जुलैभर त्यांनी तिथे परात ठेवली होती. तळमजल्यावरील सभासद मात्र म्हणतात, ‘गच्ची आम्ही वापरत नाही, मग वर्गणी का द्यावी?’ कार्यकारिणीने काय करावे?

उत्तर (माजी खजिनदार, दादर):
सचिव महोदय, आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सहकारी सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार, गच्चीची दुरुस्ती ही सोसायटीचीच जबाबदारी आहे. सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची ती संडास, मोरी किंवा बेसिन यांमुळे घरात होणारी गळती. गच्ची कोण वापरतो हा मुद्दाच येथे येत नाही, कारण तळमजल्याच्या डोक्यावरही तेच छप्पर आहे. दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दराने दरवर्षी जमा होणे अपेक्षित असते. तो आधी तपासा. आमच्याकडे तो वर्षानुवर्षे वसूलच झाला नव्हता, आणि त्यात माझाही दोष होता.

उत्तर (सभासद, बोरिवली):
निधी अपुरा असल्यास सर्वसाधारण सभेत ठराव करा; मात्र वर्गणी सेवाशुल्काप्रमाणे (सफाई, पहारा अशा सामाईक सोयींच्या आकाराप्रमाणे) सर्वांना समान न लावता क्षेत्रफळानुसार लावल्यास लहान घरवाल्यांचा विरोध मावळतो, असा आमचा अनुभव आहे.

प्रश्नकर्ते:
आभारी आहे. निधीची वही उद्याच मागवतो. आजींच्या छतावर तूर्त ताडपत्री घातली आहे.