छोट्या कार्यालयात आधी तारा की आधी महागडा राउटर?

धागाकर्ता:
सदाशिव पेठेतील आमच्या संस्थेत बारा संगणक, दोन प्रिंटर आणि चार कॅमेरे आहेत. इंटरनेटवाल्याने बसवून दिलेल्या एकाच वाय-फाय राउटरवर हा सगळा संसार चालतो, आणि ऐन कामाच्या वेळी अडतो. कार्यकारिणीपुढे आता महागडा राउटर घेण्याचा प्रस्ताव आहे. माझ्या मते तो पैसा आधी केबल आणि स्विचवर (संगणकांच्या तारा एकत्र जोडणाऱ्या डब्यावर) खर्चावा. वाय-फायच्या एका चॅनेलवरील सर्व उपकरणांना आळीपाळीने बोलावे लागते. स्विचच्या प्रत्येक पोर्टवर मात्र त्या संगणकाला पाठवण्यासाठी आणि घेण्यासाठी एकाच वेळी पूर्ण वेग मिळतो. साधी कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग सहज पेलते. जे टेबल जागचे हलत नाही, त्याला तार द्यावी; हातात फिरणाऱ्या उपकरणांना वाय-फाय ठेवावे.

भाडेकरू:
असहमत. बहुतेक छोट्या संस्था अकरा महिन्यांच्या करारावर बसलेल्या असतात आणि मालक भिंतीला खिळाही ठोकू देत नाही. केसिंग-पट्टी, मजुरी, भोके बुजवणे हा खर्च जागा सोडताना तिथेच राहतो. राउटर आणि ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारा डबा) मात्र पिशवीत घालून नेता येतात. शिवाय नव्या कित्येक लॅपटॉपना लॅन पोर्टच, म्हणजे तार खोचायची जागाच, नसते. काम सारे ब्राउझरमध्ये आणि बाहेरची जोडणी १०० मेगाबिटची असेल, तर आतल्या गिगाबिटचा उपयोग काय?

धागाकर्ता:
शेवटचा मुद्दा संस्थेच्या कामावर अवलंबून आहे. आमच्याकडे अडते ते स्कॅन केलेली दप्तरे एकमेकांच्या संगणकावर पाठवताना, आणि तिथे बाहेरच्या जोडणीचा संबंधच येत नाही. आमच्या वाड्याच्या जाड भिंतींतून वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी नीट जात नाहीत, २.४ गिगाहर्ट्‌झच्या जातात, परंतु तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेले १, ६ आणि ११ अशी तीनच, आणि पेठेत शेजाऱ्यांची गर्दी आधीच असते. मेशचे, म्हणजे एकमेकांना निरोप पोचवत वाय-फाय पसरवणारे, डबे तारेविना जोडले आणि तोच रेडिओ निरोप पुढे ढकलू लागला, तर तीच माहिती हवेत दोनदा जाते आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे ॲक्सेस पॉइंट चांगला चालवायचा, तरी त्याच्यापर्यंत तार न्यावीच लागते.

जोडणी-कारागीर:
तार की हवा, एवढ्यावर वाद थांबवू नका; खरी दुखणी वेगळीच असतात. एरंडवण्यातील एका कार्यालयात सकाळपासून सगळे ठप्प होते. जाऊन पाहिले तर स्विचचे सारे दिवे एकाच तालात लखलखत होते. सफाईच्या वेळी लोंबकळलेल्या केबलचे मोकळे टोक कोणीतरी नीटनेटकेपणाने त्याच स्विचमध्ये खोचले होते! स्वस्त अनमॅनेज्ड (मांडणी बदलता न येणाऱ्या) स्विचला असे वेटोळे ओळखता येत नाही. एकच निरोप गरगर फिरत वाढत जातो आणि जाळे गुदमरते. मॅनेज्ड (मांडणी बदलता येणाऱ्या) स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री ही वेटोळे ओळखणारी सोय चालू असेल, तर तो ते पोर्ट आपणहून अडवतो. व्हीलॅन करून, म्हणजे एकाच जाळ्याचे स्वतंत्र भाग पाडून, कॅमेऱ्यांची रहदारीही वेगळी काढता येते.

दुसरे म्हणजे, केबल पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या बाजारातून घ्या किंवा आणखी कुठून, आतली तार ब्लेडने खरवडून पाहा. पांढरा धातू दिसला, तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. त्याचा रोध जास्त असतो आणि त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज दिली, तर ती अधिक तापते. पीओईच्या (नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याच्या पद्धतीच्या) मूळ मानकात एका पोर्टमधून १५.४ वॅटपर्यंत वीज सोडली जाते, ती काही नगण्य नव्हे.

भाडेकरू:
केबलच्या पारखीबद्दल आभार, पण मॅनेज्ड स्विच चालवणार कोण? आमच्याकडे संगणक हिशेबनीस सांभाळतात. बसवणारा गेला, त्याच्याबरोबर पासवर्ड गेला, म्हणजे पुढच्या बिघाडाला सगळे रिसेट करून श्रीगणेशा.

जोडणी-कारागीर:
रास्त आहे. म्हणून मांडणीची फाइल आणि पासवर्ड संस्थेच्या दप्तरात ठेवून घेतल्याशिवाय बिल चुकते करू नये. आठ पोर्टांचे साधे स्मार्ट स्विचही (मोजक्याच सोयींचे मॅनेज्ड स्विच) मिळतात. काहींत वेटोळे ओळखण्याची सोय एका खुणेवर चालू होते. घेण्यापूर्वी तेवढी खात्री करून घ्या.

धागाकर्ता:
तारेचा आग्रह मी सोडत नाही, पण आमची जागा संस्थेच्या मालकीची आहे, हे आधी सांगायला हवे होते. भाड्याच्या जागेसाठी फक्त प्रिंटर, सामायिक फाइलींचा संगणक आणि ॲक्सेस पॉइंट एवढ्यांनाच तार, बाकी हवेवर, हे मला मान्य आहे.

भाडेकरू:
तेवढे मलाही मान्य आहे. बाराही टेबलांना नाही.