बाबांचं लो-कार्ब चालू ठेवायचं का? लघवीत प्रोटीन आलंय

रामबागची_लेक:
बाबा ६१ वर्षांचे, वजन ७२, शुगर १४ वर्षांपासून. चार महिन्यांपूर्वी पोळी-भात सोडला. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.४ वरून ७.१ वर आलं, सहा किलो उतरले. सकाळी पोहे-जिलेबी हवीच असायची, आता शेवेचा डबाही उघडत नाहीत. पण परवाच्या रिपोर्टात एसीआर (लघवीतल्या प्रोटीनचं प्रमाण) १४०, क्रिएटिनिन १.३, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते तो आकडा) ६२. आत्या म्हणते, पनीरने किडनी गेली. रोज २०० ग्रॅम पनीर, तीन अंडी, प्रोटीन पावडरची दोन मापं घेतात. सगळं बंद करू का? इंदूरात कुणाच्या घरी असं झालंय का?

सुदामानगरकर:
ताई, किडनी गेलेली नाही, हे आधी आत्यांना सांगा. एसीआर ३० च्या आत हवं. ३० ते ३०० मध्ये सापडलं तर शुगरचा किडनीवर परिणाम सुरू झालेला असू शकतो. पण ताप, लघवीचा संसर्ग, जास्त व्यायाम यांनीही ते वाढतं, म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा तपासून घ्या. जुन्या फाइलीही काढा. शुगर १४ वर्षांची आहे, पनीर चार महिन्यांचं.

आता हिशेब. पनीरचे ३६ ग्रॅम, अंड्यांचे १८, पावडरचे ४८, म्हणजे १०२ ग्रॅम प्रोटीन झालं, दही-भाजी वेगळीच. किडनीचा त्रास असेल आणि डायलिसिस नसेल तर किलोमागे ०.८ ग्रॅम सांगतात. बाबांना ५८ च्या आसपास बसतं. पोळी कमी केली ते चांगलंच केलं, पण तिच्या जागी ताटात प्रोटीन फार आलं. पावडर आजच थांबवा.

टिळकनगरची_वहिनी:
गोळ्या कुठल्या चालू आहेत ते लिहा ना. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का? किडनीसाठी ती चांगलीच औषधं, पण त्यांच्यासोबत कार्ब फार कमी केले तर रक्तात कीटोन (चरबी जळून बनणारी आम्लं) वाढू शकतात, तेही शुगर फारशी चढलेली नसताना. माझ्या सासूबाईंनी गोळी चालू ठेवून उपास धरला. दुपारपासून मळमळ, मग धाप. मीटरवर १९०, म्हणून आम्ही लिंबूपाणी देत बसलो. रात्री आयसीयूत न्यावं लागलं. असं काही वाटलं तर आकड्यावर विसंबू नका, लगेच दवाखाना गाठा.

रामबागची_लेक:
डापा आहे! शुगरची ग्लिमेपिराइड आणि बीपीची टेल्मिसार्टनही.

टिळकनगरची_वहिनी:
मग उद्याच डॉक्टरांना फोन करा. पोळी बंद आणि ग्लिमेपिराइड तेवढीच, तर शुगर एकदम खाली जाते. घाम, थरथर होते का विचारा बाबांना. स्वतःहून मात्र एकही गोळी बंद करू नका.

सुदामानगरकर:
तोवर दोन्ही वेळेला एकेक पोळी, वाटीभर मुगाचं वरण, दुधी किंवा गिलकी, पनीर ५० ग्रॅम. शेव, पापड, लोणचं नकोच, दिवसभराचं मीठ एक छोटा चमचा, ५ ग्रॅम. आणि ‘लो सोडियम’ म्हणून मिळतं ते मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन चालू असताना आणि किडनी नाजूक असताना ते रक्तात साठू शकतं.

रामबागची_लेक:
पावडरचा डबा माळ्यावर टाकला. बाबा म्हणाले, रात्री हात थरथरतात, पण तुम्ही घाबराल म्हणून बोललो नाही. सकाळी आठला डॉक्टरांना फोन लावते.