फोडून नव्हे, फटीतून

वर एकांनी लिहिलंय की सूज आल्यावर पांढऱ्या पेशी रक्तवाहिनी फोडून बाहेर पडतात. फोडाफोड होत नाही, आणि मला तर खरं नवल तिथेच वाटतं. केशवाहिन्यांच्या लगेच पुढच्या बारीक शिरांचं आतलं अस्तर सिलेक्टिन नावाची प्रथिनं पृष्ठभागावर आणतं. वाहत्या पेशी त्यांना अडकत-सुटत गडगडत जातात, वेग मंदावतो. मग केमोकाइन नावाच्या रासायनिक निरोप्यांचा इशारा मिळाला की पेशीवरची इंटिग्रिन प्रथिनं ताठ होऊन घट्ट पकड घेतात. पेशी चपटी होते आणि बहुतेक वेळा अस्तराच्या दोन पेशींमधल्या फटीतून अंग चोरून पलीकडे जाते. जर्मन रोगशास्त्रज्ञ यूलियस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये बेडकाच्या जिवंत ऊतीत हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं, रेणूंची नावं कुणाला ठाऊक नसताना!

ही पकड नसली तर काय होतं, ते एका दुर्मीळ जन्मजात आजारात दिसतं. त्यात इंटिग्रिनचा बीटा-२ भाग नीट बनत नाही. या बाळांची नाळ उशिरा गळते, जंतुसंसर्ग पुन्हापुन्हा होतो. रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट, आणि जखमेत पू जवळजवळ नाहीच. म्हणून नुसता पेशींचा आकडा पाहून प्रतिकारशक्ती ठरवू नये.